साखर बंद केली, आता भाकरीला काय लावायचं?

यांना मधुमेह निघाला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरातला साखरेचा डबा माळ्यावर गेला. चहातली साखर, जॅमची बाटली, संध्याकाळची नानकटाई, सगळं एका दमात थांबलं. न्याहारीला मात्र चवीचं काहीतरी हवंच होतं, म्हणून ज्वारीच्या भाकरीवर पांढऱ्या लोण्याचा गोळा यायला लागला. म्हशीचं दूध, घरचं विरजण, घरचं लोणी, यात वावगं काय असणार असं मला मनापासून वाटायचं. सहा महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, उतरला. आम्ही अंबाबाईची ओटी भरून आलो. पण त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ११८ वरून १५६ वर चढलेलं होतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "साखर गेली, मग तिच्या जागी काय आलं?"

साखर नुकतीच सोडलेल्या प्रत्येकानं हा प्रश्न स्वतःला पहिल्याच महिन्यात विचारावा असं मला वाटतं. साखर सोडल्यानं रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) उतरायला मदत होते. एलडीएलचा रस्ता वेगळा आहे. तो मुख्यतः ठरतो तुम्ही कोणती चरबी खाता यावर. आणि साखर सोडलेला माणूस नेमका चरबीकडे वळतो, कारण जिभेला काहीतरी लागतंच. आम्ही जे चाचपडत शिकलो ते इथं क्रमानं मांडते आहे.

आधी रिपोर्ट समोर घ्या

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या कागदावर पुष्कळ ओळी असतात, पण सुरुवातीला चारच बघा. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असावं. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल, ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, पुरुषांत ४० च्या वर आणि बायकांत ५० च्या वर. एलडीएल साधारण १०० च्या आत चांगलं मानतात, पण मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल तर डॉक्टर ते ७० च्या खाली, कधी त्याहूनही खाली आणायला सांगतात. म्हणून शेजाऱ्याचं ११० आणि तुमचं ११० यांचा अर्थ एक नसतो. तुमचं लक्ष्य किती हे डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्या आणि रिपोर्टवरच लिहून ठेवा.

पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब भरवशाचा राहत नाही. अशा वेळी थेट मोजलेलं एलडीएल मागायचं.

एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेली माणसं असतील, तर ते नुसतं खाण्यापिण्याचं प्रकरण नसतं. ते आनुवंशिक असू शकतं आणि त्याला औषध लागतं. थायरॉइड मंदावलेलं असलं तरी एलडीएल चढतं. तेव्हा लोण्याला दोष देण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, एकदा करून घ्या.

गुळाचं काय?

कोल्हापुरात राहून हे लिहिताना जीव थोडा जड होतो. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, शाहूपुरीच्या गुळाच्या बाजारपेठेनं किती घरं उभी केली आहेत, आणि गुऱ्हाळावरच्या गरम काकवीची चव ज्यानं घेतली तो ती विसरत नाही. पण ती काकवी आणि तो गूळ म्हणजे उसाचाच आटवलेला रस, आणि त्यात बहुतांश साखरच. थोडी खनिजं जास्त असतात, पण रोजच्या चमचाभर गुळातून ती मिळतात किती? मला बाजारात एका दुकानदारानं प्रेमानं सांगितलं होतं, "वैनी, ह्यो बिनकेमिकलचा गूळ हाय, शुगरवाल्यास्नी चालतोय बघा." त्याचा हेतू चांगला होता, पण ते खरं नाही. केमिकल नसलं म्हणून त्यातली साखर जात नाही. मध, खजुराचा पाक, काकवी हे सगळे याच रांगेतले. साखर सोडायची असेल तर भाकरीवरचा गूळ-तूपही त्यातच आला, आणि त्यात तूप असल्यामुळे दुहेरी आला.

लोणी, तूप, बटर: मोजून बघा

आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते या हिशेबानं. दुधातली चरबी बरीचशी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, म्हणजे थंडीत गोठणारी. संपृक्त चरबी जास्त पोटात गेली की यकृताची रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याची ताकद कमी होते, आणि ते रक्तात फिरत राहतं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत, अन्नात कोलेस्टेरॉल किती यापेक्षा संपृक्त चरबी किती, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं संपृक्त चरबी साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, कारण ती एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत असावी असं सांगितलं जातं. एलडीएल वाढलेलं असेल तर ही मर्यादा आणखी खाली, १३ ग्रॅमच्या आसपास येते. आता आमच्या घरची जुनी न्याहारी बघा. भाकरीवर दोन मोठे चमचे लोणी म्हणजे ३० ग्रॅम, त्यात संपृक्त चरबी सुमारे १४-१५ ग्रॅम. वर म्हशीचं पेलाभर दूध, २०० मिलीलिटर, त्यात आणखी ९ ग्रॅमच्या आसपास. सकाळी नऊच्या आत दिवसाचा कोटा संपलेला असायचा, आणि दुपारची आमटी, रात्रीचा रस्सा अजून व्हायचाच होता.

गंगावेशीत म्हैस समोर पिळून हातात दिलेला धारोष्ण दुधाचा पेला ज्यांना पैलवानकीच्या दिवसांपासून ठाऊक आहे, त्यांना हे ऐकवत नाही हे मला माहीत आहे. माझे सासरे त्यातलेच. पण तालमीत पहाटे हजार बैठका मारणाऱ्या पोराचं शरीर आणि खुर्चीत बसून हिशेब करणाऱ्या साठीच्या माणसाचं शरीर यांना एकच खुराक कसा लागू पडेल?

चहाचा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. एवढ्या बटरमध्ये संपृक्त चरबी अडीच ग्रॅम असते, तुपात तीन ग्रॅम. लोणी आणि विकतचं बटर यांत या बाबतीत फारसा फरक नाही. विकतच्यात मीठ जास्त, एवढंच. म्हणून माझा सल्ला असा: लोणी पूर्ण सोडायची शपथ घेऊ नका, ती टिकत नाही. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, चहाचा एक चमचा सपाट भरून घ्या, आणि लोण्याचं भांडं पानाजवळ न आणता परत फ्रीजमध्ये ठेवा. रोजच्या भाकरीला दुसरं काहीतरी हवं.

मार्गारिन (तेलापासून केलेलं, बटरसारखं दिसणारं) घ्यावं का, असं पुष्कळजण विचारतात. जुन्या पद्धतीच्या मार्गारिनमध्ये आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट भरपूर असायचं, आणि ते सगळ्यात वाईट: एलडीएल वाढवतं आणि एचडीएल उतरवतं. भारतात २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे परिस्थिती सुधारली. तरी डब्यावर अर्धवट हायड्रोजनेटेड तेल असं लिहिलेलं असेल तर तो खालीच ठेवा. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी अशा तेलांचा मऊ स्प्रेड मिळाला आणि त्यात संपृक्त चरबी कमी असली, तर रोजच्या बटरपेक्षा तो बरा. वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतलं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य) घातलेले स्प्रेडही असतात. दिवसाला सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल साधारण ७ ते १० टक्के उतरतं. पण ते डॉक्टरांना विचारून घ्यायचे, आणि गरोदर बायकांनी व लहान मुलांनी टाळायचे.

मग लावायचं काय?

शेंगदाणे. आपल्याकडे ते घरोघरी असतात आणि त्यांचं बटर करायला मिक्सरशिवाय काही लागत नाही.

पाव किलो शेंगदाणे घ्या. निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे काढून टाका. ही गोष्ट सहज घेऊ नका, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा, साल सुटायला लागली की उतरवा, चोळून पाखडून घ्या. दाणे कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात टाका. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडेचं खाली ओढा, पुन्हा फिरवा. आधी कूट होतं, मग त्याचा गोळा बसतो. इथं पुष्कळजणी घाबरून पाणी किंवा तेल घालतात. काही घालू नका. मिक्सरला दम देत आणखी तीन-चार मिनिटं फिरवलं की दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि गोळा सैल होऊन चकचकीत होतो. चिमूटभर मीठ, हवं तर भाजलेलं जिरं. कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, चमचा कायम कोरडा वापरा, पावसाळ्यात तर नक्कीच. वर तेल तरंगलं तर ओतून देऊ नका, ढवळून एकजीव करा.

मोठा एक चमचा, १५ ग्रॅम, यात संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आत असते. तेवढ्याच बटरमध्ये साडेसात ग्रॅम. उरलेली चरबी एलडीएल न वाढवणारी, वर थोडी प्रथिनं. पण कॅलरी नव्वदीच्या घरात जातात, म्हणून हेसुद्धा चमच्यानं मोजून लावा. बरणीतच बोट घालून खायला लागलात तर वजन वाढेल आणि वजनाबरोबर ट्रायग्लिसराइडही.

रोज शेंगदाणेच नकोत म्हणून आमच्याकडे फिरती ठेवली आहे. जवसाची चटणी: जवस भाजून कुटायचे, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. त्यात ओमेगा-३ प्रकारची चरबी असते आणि विरघळणारा तंतूही (फायबर). कारळ्याची चटणी दह्यात कालवली की भाकरीला इतकी छान बसते की लोण्याची आठवण होत नाही. भिजवून मऊ शिजवलेले हरभरे, भाजलेले तीळ, लसूण, लिंबू आणि चमचाभर शेंगतेल एकत्र वाटलं की ब्रेडला लावायला दाट वाटण होतं. माझ्या पोरांना हेच सगळ्यात आवडतं. आणि चक्का. टोन्ड दुधाचं दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर चार-पाच तास ठेवलं की लावण्याइतका घट्ट चक्का मिळतो. त्यात ताजा खर्डा मिसळा. टोन्ड दुधात चरबी ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के, म्हणून पिशवी बघून घ्या. ज्यांचं ब्लडप्रेशर जास्त आहे त्यांनी खर्ड्यात आणि चटणीत मीठ निम्मंच टाकावं.

एका चटणीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी साखर नसलेली, घरगुती, चवदार. पण सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला ५७ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते, म्हणजे बटरपेक्षाही थोडी जास्त. हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आता आमच्या लसूण चटणीत खोबरं चवीपुरतं आणि बाकी तीळ-शेंगदाण्याचं कूट असतं. कांदा-लसूण मसाल्यात थोडं खोबरं असतं, ते एवढंसं पडतं, त्याची चिंता करू नका.

विकतचा डबा हातात घेतल्यावर

पुढून वाचू नका, उलटा करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते; पहिल्या तिनांत काय आहे ते बघा. साखर अनेक नावांनी येते: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ. "शुगर फ्री" लिहायला शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही. "साखर घातलेली नाही" याचा अर्थ वेगळा: फळातली किंवा दुधातली मूळची साखर त्यात असतेच. साध्या जॅममध्ये शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या वर साखर असू शकते, त्यामुळे त्याला पर्याय शोधणं बरोबरच. पण बिनसाखरेच्या जॅममध्ये अनेकदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं, म्हणजे साखरेऐवजी घातलेली गोडी. ते जास्त झालं की पोट बिघडतं, आणि माल्टिटॉलनं रक्तातली साखर थोडी चढतेही.

नंतर पोषणाचा तक्ता. साखरेच्या ओळीवर लोकांची नजर थांबते, ती आणखी खाली न्या: संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, सोडियम. बिनसाखरेचा चॉकलेट स्प्रेड घेताना मला हे शिकायला मिळालं. साखर शून्य, आणि यादीत पहिल्याच नंबरला पाम तेल. पीनट बटरच्या बरणीत शेंगदाणे आणि मीठ एवढंच असेल तर उत्तम. "कोलेस्टेरॉल फ्री" असं शेंगदाण्याच्या किंवा तेलाच्या डब्यावर लिहिलेलं बघून हरखून जाऊ नका, कारण कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांतच असतं. वनस्पतीजन्य चरबीत ते नसतंच. बिनसाखरेच्या नानकटाईत आणि खारीत वनस्पती तूप असू शकतं, ते दुकानदाराला सरळ विचारा.

बाहेर खाताना

मिसळीबरोबर आपल्याकडे ब्रेड येतो. दोन स्लाइसवर थांबा, कट (वरचा तेलकट रस्सा) थोडाच घ्या आणि मटकी जास्त मागा. मटकीतला तंतू तुमच्या बाजूचा आहे. विरघळणारा तंतू आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. म्हणूनच ओट्स, उसळी, वाटाणा, इसबगोल यांचा उपयोग होतो. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा, आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब.

लोणी डोसा कधीतरी खाल्लात तर त्या दिवशी घरचं लोणी नाही, असा हिशेब ठेवा. तांबडा-पांढरा रस्सा असला की पांढरा वाटीभरच; नारळाचं दूध आणि मटणाची चरबी दोन्ही त्यातच असतात. तपासणीच्या आदल्या रात्री तर हा बेत नकोच. ट्रायग्लिसराइडसाठी १० ते १२ तासांचा उपास सांगितलेला असतो, आणि जड जेवणानं आकडा चढलेला दिसतो.

पुन्हा तपासा, आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका

बदल केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लॅबमध्ये धावू नका. आठ ते बारा आठवडे जाऊ द्या. आमच्याकडे बारा आठवड्यांनी एलडीएल १२३ झालं. डॉक्टर म्हणाले, खाण्यानं जेवढं उतरायचं तेवढं उतरलं, मधुमेह आहे म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करू. यांना आधी वाईट वाटलं, जणू आपण नापास झालो. पण तसं नाही. कुणाचं यकृत जन्मतःच जास्त कोलेस्टेरॉल करतं, आणि गोळी घेणं म्हणजे पथ्य फुकट गेलं असं होत नाही. काही जणांचं तर साखर आणि धान्य दोन्ही फार कमी करून तूप-लोण्यावर राहिल्यानं एलडीएल झपाट्यानं चढतं. असं दिसलं तर आहार तसाच रेटू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, हे विसरू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना गोड आणि भाकरी-भात एकदम कमी केला तर साखर फार खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोकं गरगरणं. जेवण बदलायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो. आणि तसं झालंच तर त्या क्षणी पथ्य बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आमच्या घरात साखरेचा डबा माळ्यावरच आहे, पण यांच्या शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते, आणि शर्ट धुवायला टाकताना ती काढून दुसऱ्या शर्टात ठेवायचं काम माझं.